डिप्लोमानंतरचं पहिलं वर्ष आणि वस्तीतली पत्र्याची भिंत

नवी मुंबईतल्या दिघ्याहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे : "मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या सहाव्या सेमिस्टरला आहे. आतापर्यंत ६८ टक्के. वडील रिक्षा चालवतात. रबाळ्याला विजेची पॅनल बनवणाऱ्या एका ठेकेदाराकडे महिना १४ हजारांची नोकरी मिळते आहे. मामा म्हणतात, डिग्री कर. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना घराच्या पत्र्याच्या भिंतीचा शॉक बसला, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून वाटतं, शिकलेलं वस्तीच्या उपयोगी पडावं. मग आधी नोकरी, डिग्री की हे?"

मित्रा, तिन्ही जमेल. फक्त क्रम चुकवू नकोस, आणि तो चुकण्याचा धोका सगळ्यात जास्त त्या १४ हजारांत आहे.

केंद्र सरकारच्या नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण) योजनेत डिप्लोमाधारकाला एक वर्षाची अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, मिळते. पण नोकरीचा एक वर्ष किंवा त्याहून जास्त अनुभव झाला की तिथली पात्रता जाते. दरवर्षी कितीतरी मुलं आधी ठेकेदाराकडे वर्ष-दीड वर्ष काढतात, मग मोठ्या कंपनीच्या अप्रेंटिसशिपची जाहिरात बघून अर्ज करतात आणि नाकारली जातात. २०१९ च्या नियमांनी डिप्लोमाधारकाला किमान विद्यावेतन ८,००० रुपये ठरवलं होतं. कंपनी जास्त देऊ शकते, पण १४ हजारांच्या खाली राहील असंच धरून चाल. तरीही माझं मत अप्रेंटिसशिपच्या बाजूचं आहे. पॅनलच्या कारखान्यात वर्षभर वायरच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबून बसवणं, बसबारला (धातूच्या वीजवाहक पट्टीला) भोकं पाडणं आणि वायरिंगला फेरूल (ओळखीचे नंबर) घालणं हेच हातून होतं. काम चांगलं आहे, पण ते पॅनल लागल्यावर त्यामागे काय चालतं ते दिसत नाही. तुझ्या घरापासून ऐरोली, रबाळे, महापे एवढ्या जवळ आहेत, तिथे डेटा सेंटर उभी आहेत. पुढे तळोज्याला रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, बॅटरी बँक, डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि रिले (दोष ओळखणारी उपकरणं) रोज हाताळले जातात. मुख्य म्हणजे कामाचं लेखी परमिट घेतल्याशिवाय कुणी पॅनल उघडत नाही. पहिल्याच वर्षी ही शिस्त अंगात मुरली तर ती जन्मभर टिकते.

मुलाखतीत न लाजता विचार : कोणत्या विभागात किती महिने ठेवणार, आणि करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवणार का? नोंदणी नसेल तर वर्षाच्या शेवटी अप्रेंटिसशिप मंडळाचं प्रमाणपत्र मिळत नाही. काही ठिकाणी अप्रेंटिसला रजिस्टर भरायला बसवतात. असं महिनाभर चाललं तर विभागप्रमुखाला लेखी विनंती कर. रोजची वही ठेव : यंत्राचं रेटिंग, दोष काय होता, कसा सापडला, काय बदललं. आठवड्याला वरिष्ठांची सही घे. पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडे विद्युत पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना अनुभवाचा दाखला मागतात, आणि वर्षभर काय केलं हे आठवून सांगायला तीच वही कामी येते.

घरी पैशांची खरोखर ओढ असेल तर नोकरी धर, त्यात कमीपणा नाही. पण नियुक्तीपत्र, पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक) आणि ईएसआय (कामगार विमा) आधी माग. पगार २१ हजारांच्या आत असल्याने ईएसआय लागू झालं, तर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचारही त्यात होतात. आणि दहाव्या महिन्यात थांबून ठरव : इथेच राहायचं, की अप्रेंटिसशिपचा दरवाजा उघडा आहे तोवर निघायचं.

मामांचंही बरोबर आहे. डिग्रीशिवाय काही पायऱ्यांवर बढती अडते. पण डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश पुढच्या वर्षीही घेता येतो. त्यासाठी ४५ टक्के लागतात, राखीव गटाला ४०. शिवाय २०२३ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिग्रीची मुभा दिली आहे. त्याला वर्षभराचा पूर्णवेळ अनुभव लागतो.

आता काकू. त्यांना शॉक का बसला ते आधी नीट समजून घे, कारण तुझं वस्तीतलं काम तिथूनच सुरू होतं.

वायर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून गेली की वाऱ्याने, उंदराने, येता-जाता लागलेल्या धक्क्याने तिचं आवरण घासतं आणि अख्खी भिंत जिवंत होते. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडून सप्लाय तोडणारा स्विच) पडत नाही, कारण १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिल्याशिवाय हलत नाही, आणि कोरड्या लाकडी खांबांवरच्या पत्र्यातून जमिनीत जेमतेम काही उतरतं. माणसाला मारायला ५० मिलिअँपिअरही पुरतात. पावसात जमीन ओली, अंग ओलं, म्हणून घरात वर्षभर लपलेला दोष जुलैत जीव घेतो.

याला उपाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहात तेवढा फरक पडला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सप्लाय तोडतो. मात्र तो ओव्हरलोडला पडत नाही, त्यामुळे जोडीला एमसीबी हवाच. अर्थिंगही हवं. पत्र्याची भिंत त्याला जोडलेली असेल तर दोष झाल्या क्षणीच आरसीसीबी पडतो. नसेल तर कुणीतरी भिंतीला हात लावेपर्यंत वाट बघतो.

वस्तीत तक्रार ठरलेली : "लावला होता, सारखा पडायचा, म्हणून काढून टाकला." बहुतेक वेळा दोन खोल्यांना एकच न्यूट्रल जोडलेला असतो, किंवा न्यूट्रल पुढे कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. असा दोष शोधताना सप्लाय बंद करून सगळी उपकरणं आणि एलईडी बल्ब काढायचे, नाहीतर मेगरच्या (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राच्या) ५०० व्होल्टने ते जळू शकतात. मग एकेक न्यूट्रल लिंकमधून सोडवून अर्थशी इन्सुलेशन मोजायचं. घरगुती वायरिंगला किमान १ मेगाओहम यावं.

पण हे तू एकट्याने करायचं नाहीस. परवान्याशिवाय वायरिंगला हात लावणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर जबाबदारी तुझ्यावर येते. सध्या तुझं काम डोळ्यांनी तपासणं आणि लिहून ठेवणं. महिन्यातला एक रविवार, पाच घरं, सोबत कॉलेजचे एक शिक्षक आणि दोन मित्र. वायर पत्र्यातून जाते तिथे पीव्हीसी पाइप आहे का? १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे, की दिव्यांची १.५ चीच? गीझर असेल तर ४ ची? तीन पिनी प्लगची वरची पिन तोडली आहे का? मीटर आणि त्याआधीचं सगळं महावितरणचं, तिथे बोटही लावू नकोस, १९१२ वर कळव. घरानुसार यादी झाली की परवानाधारक ठेकेदाराकडून सगळ्यांचं काम एकत्र करून घ्या. साहित्य फुकट वाटू नका. महिला बचत गटाने आरसीसीबी एकगठ्ठा घेतले आणि घराघरातून हप्ते घेतले, तर प्रत्येकजण ते आपलं समजून जपतो. तुझं पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आलं की ठेकेदाराकडून हेच काम तू स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेशील.

दहावीच्या निकालानंतर दोन आठवडे मात्र मोकळे ठेव. वस्तीतल्या मुलांचे पॉलिटेक्निक-आयटीआयचे प्रवेश मार्कांपेक्षा कागदांवर अडतात : जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. तहसील कार्यालयाची रांग निकालाआधी लावायला सांग. ज्यांच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना ट्यूशन फी माफीच्या जागांसाठी विकल्प यादीत वेगळा कोड भरावा लागतो. तो न भरल्याने हक्काची जागा जाते. वीजतंत्री, तारतंत्री किंवा जोडारी झालेल्या मुलालाही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं, हेही सांग.

आणि या रविवारी आधी स्वतःच्या घरातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघ. पडला नाही तर परवानाधारकाकडून लगेच बदलून घे. घरात तो नसेलच, तर यादीतलं पहिलं घर तुझं.