लोगो तोच, हिरवा मात्र तीन तऱ्हेचा

अगं, मोशीच्या किसान प्रदर्शनातल्या तुमच्या स्टॉलचे फोटो मिळाले, एकेक मोठा करून बघितला. मेहनत दिसतेच, पण आधी खुपलं ते सांगते. मागच्या फ्लेक्सवरचा हिरवा पोपटी आलाय, स्टँडीवरचा काळपट आणि टीशर्टचा तिसराच. तुम्ही ठिबकवाले, त्याच रांगेत अजून किती ठिबकवाले, सगळे हिरवे नाहीतर निळे, मग शेतकऱ्याने तुम्हाला लांबून ओळखायचं कशावरून?

तू म्हणशील, लोगो-रंगांच्या गाईडलाईनची पीडीएफ सगळ्यांना पाठवली होती. पाठवली असशील गं, पण प्रिंटरकडचा पोरगा रात्री साडेअकराला पीडीएफ वाचत बसत नाही, व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी उचलतो आणि ताणून बसवतो. फाईल सीएमवायकेमधेच (छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत) द्यायची आणि फ्लेक्स, व्हिनाईल, सनबोर्ड (फोमची कडक शीट), प्रत्येकावर आधी फूटभर तुकडा मारून घ्यायचा, कारण आकडे तेच टाकले तरी मटेरियल नाहीतर मशीन बदललं की रंग सरकतो. पसंत पडला तो तुकडा जपून ठेव, मागे मशीन आणि तारीख लिही, पुढच्या वेळी तोच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवायचा. टीशर्टवाल्याला मोबाईलवर रंग दाखवून काही होत नाही, पँटोन नंबर (रंगाचा ठरलेला कोड) दे आणि कापडाचा नमुना दिवसाउजेडी बघ.

मराठी मजकूर तर कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे अक्षरांचे आकार करून फॉन्टची गरज संपवल्याशिवाय, सोडूच नको. माझ्या पहिल्याच वर्षी श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली फाईल तशीच गेली, तिकडे फॉन्ट नव्हता, आणि कमानीवर 'शेतकरी बंधूंचे स्वागत'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, तीही वीस फूट लांब! साहेब आले तेव्हा मी टेबलावर चढून त्यावर मंडपाचं कापड बांधत होते.

आता डीलर मीट. एलईडी वॉलचं माप आधी विचार, पिक्सेलमध्ये. अर्ध्या मीटरचे चौकोनी पॅनेल असतात, 3.9 पिचला (दोन पिक्सेलमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) सहसा एकेकात 128 बाय 128 पिक्सेल, म्हणजे 4 मीटर बाय 3 मीटरच्या भिंतीला 1024 बाय 768. तुझा व्हिडिओ 1920 बाय 1080चा, ऑपरेटर तो दाबून फुल स्क्रीन करणार आणि गोल लोगोचं उभं अंडं होणार. बॅकड्रॉपवर लोगो डोक्याच्या वर घे, सत्काराला आठ जण उभे राहिले की खालचं सगळं गायब. पोडियमवर हॉटेलचं नाव असतं आणि भाषणाच्या प्रत्येक फोटोत तेच येतं, त्या मापाचा सनबोर्ड आणि डबल टेप घेऊन जा (हॉटेलला आधी विचारून, उगाच भांडण नको). आणि हो, निवेदिकेकडून कंपनीचं नाव दोनदा म्हणवून घे.

मीटच्या फाईली छापायला जायच्या आधी मला टाक. तो पोपटी फ्लेक्स आज रात्री बदलता येतोय का बघ, अजून तीन दिवस आहेत.