शेवटच्या धावपटूचे पाणी

वाचकांचे प्रश्न

यंदाच्या हिवाळ्यात सोलापुरात आणि आसपासच्या शहरांत लांब पल्ल्याच्या शर्यती धावून आलेल्या वाचकांची पत्रे या महिन्यात एकामागून एक आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची, शर्यतींची आणि संयोजकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाच्या परिसरात वर्षभर सराव करून यंदा मी पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावले. शर्यत सकाळी सव्वासहाला सुटली. सोळाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या ठाण्यावर मी पोहोचले तेव्हा पावणेनऊ होत आले होते आणि तेथे रिकाम्या जारांखेरीज व चुरगळलेल्या कागदी पेल्यांखेरीज काही उरले नव्हते. पुढच्या ठाण्यावरही तीच स्थिती होती. ३ तास १२ मिनिटांनी मी शर्यत पूर्ण केली, तेव्हा शेवटची कमान उतरवण्याचे काम सुरू झाले होते. मुदत मात्र साडेतीन तासांची जाहीर केलेली होती. हळू धावणाऱ्याने तक्रार करू नये, असे घरचे म्हणतात. माझे काही चुकले का? आणि पुढच्या वेळी सुरुवातीच्या प्रत्येक ठाण्यावर जमेल तेवढे पाणी पिऊन ठेवावे का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. साडेतीन तासांची मुदत जाहीर करून ज्यांनी आपल्याकडून प्रवेश शुल्क घेतले, त्यांनी साडेतीन तास पाणी, वैद्यकीय मदत आणि वाहनांपासून संरक्षण देण्याचा शब्द आपल्याला दिला होता. आपण त्या मुदतीच्या आत, १८ मिनिटे राखून पोहोचलात. शब्द आपण पाळला, समोरच्यांनी पाळला नाही.

यात वेळेचा एक साधा हिशेब आहे आणि तो संयोजकांनी पुन:पुन्हा मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते. पावणेदोन तासांत २१ किलोमीटर पूर्ण करणारा धावपटू सोळाव्या किलोमीटरवरून ७ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पुढे जातो. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे त्याच्या वाट्याला कोवळे ऊनच येते आणि आठ वाजता तो सावलीत बसून केळे सोलत असतो. आपण त्याच ठाण्यावर त्याच्यानंतर तासाभराने पोहोचता, तोवर डांबर तापू लागलेले असते, आणि पुढचे पाऊण तास आपल्याला त्याच उन्हात काढायचे असतात. तहान मागच्यांना जास्त लागते. पाणी मात्र पुढच्यांच्या गर्दीवरून मोजले जाते, आणि त्यातले बरेचसे पुढचे लोक डोक्यावर ओतून घेतात.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मध्यम आकाराच्या शहरातील शर्यतीत माझा गुडघा दुखावला आणि शेवटचे सात किलोमीटर मला जवळजवळ चालत काढावे लागले. दोन ठाणी कोरडी गेली. तिसऱ्या ठाण्याचे टेबलच उचलून नेलेले होते. तेथून थोड्या अंतरावर एका कारखान्याच्या फाटकाशी बसलेल्या वृद्ध पहारेकऱ्याने मला थांबवले, आत जाऊन माठातून पितळी तांब्या भरून आणला आणि माझ्या ओंजळीत बारीक धार धरली. मी पुरे म्हणेपर्यंत त्याने ती धार मोडली नाही. त्या दिवशी मिळालेले पदक कोठे आहे ते आज मला आठवत नाही, परंतु त्या तांब्याच्या कडेला पडलेला पोचा आठवतो. पैसे भरून धावायला आलेल्या माणसाने पाण्यासाठी वाटेवरच्या कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे, ही गोष्ट मला तेव्हाही लाजिरवाणी वाटली होती आणि आजही वाटते.

म्हणून तक्रार अवश्य करावी, मात्र ती लेखी असावी. छातीवरील क्रमांक, ठाण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याची वेळ तिच्यात नोंदवावी. धावपटूची वेळ टिपणाऱ्या चिपच्या नोंदीवरून ती वेळ पडताळता येते. शेवटच्या तासासाठी प्रत्येक ठाण्यावर किती लिटर पाणी राखून ठेवले होते, एवढा एकच प्रश्न विचारावा. आपल्या आगेमागे धावणाऱ्या आणखी चारपाच जणांच्या सह्या मिळाल्या तर पत्राला वजन येते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पाणी पिऊन ठेवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. हळू धावणाऱ्यांना पाण्याच्या अभावाइतकाच त्याच्या अतिरेकाचाही धोका असतो. गरजेपेक्षा पुष्कळ अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही लक्षणे दिसू लागतात आणि प्रसंगी जिवावरही बेतते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपताच ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. ज्यांचे वजन धावताना वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. तहान लागेल तेव्हा तहानेपुरते घोट घ्यावेत. पुढील शर्यतीत कमरेच्या पट्ट्यात अर्ध्या लिटरची बाटली स्वतःजवळ ठेवावी. तिच्यात ओआरएस घालायचे असल्यास पुडीवर छापलेल्या प्रमाणातच घालावे. एक लिटरची अख्खी पुडी अर्ध्या लिटरमध्ये ओतू नये.

प्रश्न : २१ किलोमीटरच्या शर्यतीत माझ्या घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवले. माझ्या मित्राच्या घड्याळात २१.५ आले. तीनशे-चारशे मीटर जास्त पळवून आमची फसवणूक झाली असे आम्ही समजावे का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : तसे समजू नये. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते आणि प्रमाणित मार्गाची मोजणी घड्याळाने होतच नाही. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ टप्प्यावर सायकल आधी जुळवून घेतात, तिच्या पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारे यंत्र बसवतात आणि मग मोजणारा संपूर्ण मार्गावर सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सायकल चालवतो. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर वाढवण्याची रीत आहे. त्यामुळे मोजणी अचूक असली तरी २१ मीटर जास्तीचे असतातच.

उरलेले अंतर आपण स्वतः वाढवतो. वळणावर बाहेरच्या बाजूने जाणे, गर्दीतून वाट काढण्यासाठी डावीउजवीकडे सरकणे, पाण्यासाठी रस्ता ओलांडून पलीकडच्या टेबलाशी जाणे, या सर्वांची भर पडत जाते. त्यात घड्याळ उपग्रहांच्या आधारे घेत असलेल्या प्रत्येक नोंदीत थोडीफार चूक असते, आणि त्या नोंदी जोडणारी रेघ नागमोडी होऊन लांबते. तीनशे-चारशे मीटरचा फरक यात सहज बसतो. उलट अनेकांच्या घड्याळांत एकाच शर्यतीचे अंतर २०.५ किंवा २०.६ भरले असेल, तर मात्र शंका घेण्यास जागा आहे. कारण अशा मार्गावर नोंदवलेली उत्तम वेळ ही आपली खरी वेळ नसते. नोंदणी करण्यापूर्वी मार्ग प्रमाणित आहे का, हे विचारण्याची सवय धावपटूंनी लावून घ्यावी. पाच किलोमीटरच्या फेरीलाही मॅरेथॉन म्हणण्याची रूढी आपल्याकडे पडली आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायम झाले. शब्द सैल वापरला की मापही सैल होते, म्हणून मी हा आग्रह धरतो.

प्रश्न : आमच्याकडे शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेतावर हुरड्याचा बेत होता. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असे पोटभर खाणे झाले. रविवारी बाराव्या किलोमीटरला पोटात मुरडा सुरू झाला आणि दोनदा थांबावे लागले. माझे वय ५८ आहे. इतर वेळी मला हुरडा कधीच बाधत नाही. मग धावतानाच असे का झाले?
— एक शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : हुरड्याचा दोष नाही, दिवसाचा आहे. धावताना शरीर रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे वळवते, त्यामुळे आतड्यांच्या वाट्याला ते कमी येते. अशा वेळी कोवळ्या ज्वारीचा भरपूर चोथा आणि शेंगदाण्याचे तेल पोटात असेल, तर एरवी सुखाने पचणारे अन्नही त्रास देते. पावलागणिक बसणारे हादरे त्यात भर घालतात. आदल्या रात्री वरण-भात किंवा मऊ खिचडी यांसारखे साधे, कमी तेलाचे जेवण घ्यावे. शर्यतीपूर्वी दोन तास आधी एक-दोन केळी किंवा गूळ लावलेली पोळी पुरते. दीड तासाहून अधिक धावायचे असेल, तर वाटेत थोडी साखर पोटात जायला हवी. चारपाच बिया काढलेले खजूर खिशात ठेवले तरी एका तासाचे काम भागते. मात्र खजूर असोत वा बाजारात मिळणारे जेल, म्हणजे धावपटूंसाठीचा पुडीतील गोड घट्ट पाक, सरावाच्या लांब धावेत तपासून पाहिल्याखेरीज ते शर्यतीच्या दिवशी तोंडात घालू नये. मधुमेहाची अथवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावे. हुरड्याचा बेत पुढच्या वर्षी रविवारी दुपारी ठेवावा. धावून आल्यानंतर तो अधिक गोड लागेल.

प्रश्न : शर्यतीनंतर दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आहेत. घाबरण्याचे कारण आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : बहुधा नाही. बोटे बुटाच्या टोकावर आपटून नखाखाली रक्त साकळले आहे. नवे नख येण्यास काही महिने लागतील. ठणका वाढला, पू झाला किंवा न धावताही डाग पसरत गेला, तर डॉक्टरांना दाखवावे. पुढचे बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. आमच्या गटाला एका शर्यतीत पाण्याच्या ठाण्यावर स्वयंसेवक म्हणून नेमले होते. सुरुवातीला एवढी झुंबड उडाली की पेले सांडले, काही धावपटू आमच्यावर रागावले आणि तासाभरात पाणी संपले. नंतर येणाऱ्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटले. पुढच्या वर्षी आम्ही काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुझे पत्र मी पहिल्या पत्राशेजारी ठेवून वाचले. ज्या रिकाम्या ठाण्यावर त्या शिक्षिका पोहोचल्या, तसल्याच ठाण्यामागे तुझ्यासारखी एखादी मुलगी उभी असणार, आणि तिलाही तेवढेच वाईट वाटले असणार. चूक तुमची नाही, परंतु बरेच काही तुमच्या हाती आहे.

पेला काठोकाठ भरू नये, निम्म्याहून थोडा अधिक भरावा. तो मुठीत न आवळता वरच्या कडेशी दोन बोटांनी हलका धरावा आणि हात धावपटूच्या छातीच्या उंचीला पूर्ण लांब करावा. धावपटूने पेला घेताच बोटे सोडून द्यावीत. धरून राहिल्यास सांडतो. टेबले एकापुढे एक, लांब अंतरावर मांडावीत. सगळे पहिल्याच टेबलावर गर्दी करतात, म्हणून "पुढेही पाणी आहे" असे मोठ्याने सांगत राहण्यासाठी एकाला आधी वीस पावलांवर उभे करावे. आपल्या शहरात ही हाक मराठीबरोबर तेलुगूत आणि कन्नडातही दिली तर अनेकांना घरच्यासारखे वाटेल. ओआरएसचे टेबल वेगळे ठेवून तसे ओरडून सांगावे, नाहीतर लोक तेच डोक्यावर ओततात. खाली पडलेले पेले आणि केळ्यांच्या साली एकाने सतत झाडत राहाव्यात, कारण त्यांवरून पाय घसरतो.

आणि मुख्य म्हणजे, सकाळी पाणी उतरवून घेतानाच एक तृतीयांश जार टेबलामागे ठेवून त्यांवर चादर टाकावी. गर्दी कितीही असली तरी ठरलेल्या वेळेपूर्वी ते उघडायचे नाहीत, याची जबाबदारी गटातील एकाच मुलीकडे द्यावी. आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून जाते, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरच्यांनी वारकऱ्यांना पाणी दिले असेल. पालखी पुढे गेली म्हणून मागून लंगडत येणाऱ्या आजीला कोणी परत पाठवत नाही. शेवटच्या धावपटूमागून येणारी संयोजकांची गाडी दिसेपर्यंत टेबल हलवू नये, कोणी उचलायला आले तरी नको म्हणावे. त्या शेवटच्या धावपटूला थांबून प्यायला सांगावे आणि दोन पेले द्यावेत.