अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत स्वयंपाक आणि फॉइलमध्ये पोळ्या: खरंच धोका आहे का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अ‍ॅल्युमिनियममुळे अल्झायमर होतो का, मुलीच्या डब्यातल्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात का, आणि सासूबाईंची जर्मनची (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचीच) पातेली मोडीत काढावीत का. मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी पालक मला यातलं काहीतरी विचारतातच.

अल्झायमरची भीती आली कुठून ते आधी सांगते. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत तंतूंचा गुंता दिसला. पुढे १९७०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली. डायलिसिसच्या पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम थेट त्यांच्या रक्तात जात होतं, आणि ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडं निकामी झालेली होती. हे सगळं खरं आहे, म्हणूनच आज डायलिसिसचं पाणी इतकं काटेकोरपणे शुद्ध करतात. पण जेवणातून पोटात गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. त्यातले हजारात साधारण एक ते तीन भागच रक्तात उतरतात आणि निरोगी मूत्रपिंड त्यातले बहुतेक लघवीवाटे काढून टाकतं. भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

किती चालतं? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली. युरोपची मर्यादा त्याच्या निम्मी आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० किंवा, कडक हिशेबाने, ६० मिलिग्रॅम. तुलनेसाठी बघा: अ‍ॅसिडिटीच्या गोळीत २५० मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल, तर एका गोळीत सुमारे ८६ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत. घरात तसं कुणी असेल तर पातेल्याच्या आधी औषधांचा डबा तपासा.

आता स्वयंपाकघर. या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला जपतो. आंबट आणि खारट पदार्थ हा थर विरघळवतात. कुकरच्या पाण्यात चिंच किंवा लिंबाची साल टाकली की आतून काळा न पडता तो चकचकीत राहतो, तो यामुळेच. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१७ मध्ये लेप नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमधून टोमॅटोसारखे आंबट पदार्थ तपासले, तेव्हा अन्नाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियमची शिफारस केलेली मर्यादा ओलांडली गेलेली आढळली. म्हणून आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, टोमॅटोची भाजी स्टीलमध्ये करा, आणि लोणचं तर अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात ठेवूच नका. कुकरमध्ये भात-वरणाचे स्टीलचे डबे लावत असाल तर प्रश्नच मिटला. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांड्यांवर तोच थर मुद्दाम जाड केलेला असतो, ती बिनधास्त वापरा. कोरड्या पोळ्या काही तास फॉइलमध्ये राहिल्या तर काही बिघडत नाही. फक्त पोळीला लोणचं किंवा लिंबू लावून गुंडाळू नका. शीतपेयांच्या कॅनला आतून लेप असतो, त्यामुळे पेय धातूला लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती जर्मनच्या पातेल्यांची, आणि तीही अ‍ॅल्युमिनियममुळे नाही, शिशामुळे. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसं मिसळलेलं असू शकतं. अमेरिकेत सिएटल परिसरात अफगाणिस्तानातून आलेल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं, तेव्हा त्यांच्या घरची अ‍ॅल्युमिनियमची भांडी तपासली. अनेक भांड्यांतून शिसं सुटत होतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात भांड्यांबद्दल जो इशारा दिला, त्यात पितळेबरोबर आपल्या ओळखीच्या हिंडालियमचंही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचंही, नाव होतं. याचा अर्थ प्रत्येक हिंडालियमची कढई विषारी आहे असा नाही. पण कुठल्या धातूपासून बनली हे कळायला मार्ग नसलेलं, बिनशिक्क्याचं ओतीव भांडं लहान मुलांच्या घरात मी तरी ठेवणार नाही. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही आणि त्याने मेंदूच्या वाढीचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही.

आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचा आदेश काढला. नवीन घेताना ते पाहूनच घ्या. सासूबाईंची पातेली शिक्क्याची आणि धड असतील तर दूध-पाणी तापवायला राहू द्या. खड्डे पडलेली, ओतीव, बिनशिक्क्याची असतील तर त्यांत स्वयंपाक थांबवा, आणि मुलगी वर्षानुवर्षं त्यातलंच जेवत आली असेल तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी का ते विचारा.