आधी पैसे मागायला शिक

अरे बाळा,

परवा शेडवर आलो होतो तेव्हा चहा निवून गेला तरी तुझं चालूच, धातू कापायचं दुसरं व्हीएमसी मशीन घेऊ का, वेबसाइट करू का, तो सेल्सचा ऑनलाइन कोर्स लावू का. मी हं हं करत होतो कारण माझं लक्ष तुझ्या बिलांच्या फाइलकडे होतं. चार महिन्यांपूर्वीचं बिल तसंच पडलंय. विचारलं तर म्हणालास, "काका, मोठी पार्टी आहे, सारखं काय मागायचं, बरं दिसत नाही." रात्री मला झोप लागेना, कारण सेम हेच वाक्य मी 1998 ला म्हणायचो.

भोसरीत दोन लेथ मशिनं होती माझी. एक पार्टी होती, नाव नको, मालक एकदम गोड माणूस, गेलं की आधी चहा सांगणार, मुलाच्या मुंजीला घरी बोलावलेलं, आता त्याच्यापुढे पैशाचा विषय कसा काढायचा? नाही काढला. 2 लाख 80 हजार अडकले. कामाला तोटा नव्हता, कागदावर नफा पण दिसत होता, आणि शनिवारी पोरांचा पगार करायला मी मेहुण्याकडून उसने आणत होतो. म्हणजे बघ, पार्टीकडे हक्काचे मागायला लाज आणि मेहुण्याकडे उसने मागायला नाही! शेवटी एक लेथ विकलं. ज्याने घेतलं तो अजून चालवतोय, आवाज ओळखीचा येतो.

म्हणून सांगतो, पैसे मागायला शिक. बाकीचं नंतर.

तुझे मशीनला लावायचे कटिंग इन्सर्ट रोखीने येतात, लाइट बिल थांबत नाही, बँक 5 तारखेला हप्ता कापते, आणि बिल फाडलं की जीएसटी लागला, पार्टीने पैसे देवोत न देवोत. मग 90 दिवसांची उधारी म्हणजे तू त्या मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतोयस आणि स्वतः बँकेला व्याज भरतोयस. यात दुसरं मशीन घेतलंस तर दुप्पट काम नाही रे, दुप्पट उधारी होणार.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, केलंय का ते पण तुला आठवत नव्हतं! फुकट आहे, ऑनलाइन आहे, आज कर आणि तो नंबर बिलावर छाप. 2006 च्या एमएसएमई कायद्यात (छोट्या उद्योगांचा कायदा) आपल्यासारख्या छोट्या युनिटचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत, करार नसेल तर 15, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आणि 2024 पासून वेळेत न दिलेली रक्कम, आपले पैसे देईपर्यंत पार्टीला इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात. पण उठसूट कायदा काढू नकोस, काम जाईल. आधी नुसतं माग. माल गेला त्याच दिवशी बिल, डिलिव्हरी चलनावर त्यांचा सही शिक्का, आणि दर सोमवारी फोन. चिडायचं नाही, रडगाणं गायचं नाही, "पोरांचे पगार आहेत हो" तर अजिबात नाही, ते भीक मागितल्यासारखं होतं. बिल नंबर सांगायचा, तारीख विचारायची, लिहून ठेवायची.

मला लोक मागून वसुलीवाला म्हणतात, माहितीये मला. त्या गोड माणसाने नंतर लग्नात ओळख दाखवली नाही. तुझी काकू म्हणते तू फार कोरडा झालास. झालो असेन. पण 2001 नंतर माझ्या शेडवर एकाही पोराचा पगार एक दिवस लेट झाला नाही, आणि मेहुण्याच्या दारात मी फक्त दिवाळीला जातो. तुला यात काही चुकीचं दिसत असेल तर सांग, मला तरी दिसत नाही.

असो. सोमवारी साडेदहाला फोन लाव, पर्चेसवाल्या साहेबाला नको, तो गोड बोलेल, डायरेक्ट अकाउंट्सला लाव. काय तारीख दिली ते मला कळव.

काका