जर्मन म्हणी रशियनमध्ये नेताना

अरे पहिल्यांदा एक बघ, सगळ्याच म्हणी अवघड नसतात, जर्मनमध्ये 'इथेच कुत्रं पुरलंय' म्हणजे खरी गोम इथे आहे, आणि रशियनमध्येही कुत्रंच पुरलेलं असतं कारण त्यांनी ती जर्मनवरूनच उचललीये, पिशवीतलं मांजर विकत घेणं, म्हणजे न बघताच वस्तू घेणं, हेही दोन्हीकडे तेच. अशा ठिकाणी उगाच डोकं लावू नकोस. गडबड होते ती 'मला फक्त स्टेशन कळतंय' सारख्यात, म्हणजे काही कळत नाहीये, तिथे रशियनमध्ये स्टेशन आणलंस की वाचणारा गाडी शोधत बसेल, सरळ 'काहीच कळेना' लिही.

आता जर्मनमधलं 'अथेन्सला घुबडं नेणं' घे, म्हणजे जिथे जे मुबलक आहे तिथेच ते नेणं, डिक्शनरीत लगेच रशियन 'स्वतःचा समोवार घेऊन तुलाला जाणं' मिळतं (समोवार म्हणजे चहासाठी पाणी उकळायचं भांडं, आणि तुला हे त्यासाठी प्रसिद्ध रशियन शहर), अर्थ चोख बसतो, पण बोलणारा म्हातारा बर्लिनचा असेल तर त्याच्या तोंडी हे रशियन शहर कुठून आलं? मी तरी अशा वेळी 'जंगलात लाकडं नेणं' वापरते, तीही रशियनच आहे पण गावाचं नाव नाही. जाहिरातीत किंवा कॉमेडीत मात्र समोवार बिनधास्त चालवून घ्यावा. आणि जर्मनसाठी ड्यूडेन या जर्मन शब्दकोशमालेचा ११वा खंड जवळ ठेव, तो फक्त वाक्प्रचारांचाच आहे.