समुद्राजवळ राहतो, पावसाळ्यात ब्लाउजचे हुक गंजून कापडावर डाग पडतात. कोणते हुक लावावेत?

पितळी हुक लावा; मिरामार, दोनापावलासारख्या ठिकाणी साधे लोखंडी हुक टिकत नाहीत. मी पणजीत शिवणकाम करते. पावसाळ्यानंतर दुरुस्तीला येणाऱ्या ब्लाउजांत हाच प्रकार दिसतो: हुकावरचा चकचकीत निकेलचा मुलामा वाकणीच्या जागी तडकतो, खारी दमट हवा आतल्या लोखंडाला लागते आणि हुकपट्टीवर तांबूस डाग उमटतो. घेताना लोहचुंबक जवळ धरा. हुक पटकन चिकटला तर आत लोखंड आहे, वरून कितीही सोनेरी दिसो. पितळ चिकटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुटे हुक घेताना तर एवढं बघाच. टिचबटणांचंही तेच, घरच्या सुती कपड्यांना प्लॅस्टिकची चालतात. मात्र पितळही ओलसर कापडात हिरवं पडतं, त्यामुळे घामेजलेला ब्लाउज तसाच घडी घालून कपाटात ठेवू नका. आधीच पडलेला डाग पांढऱ्या सुती कापडावरून लिंबू-मिठाने बराच निघतो. रेशमावर हे अजिबात करू नका, रंग उतरतो.