बॅकअप परत आणून दाखवा

प्रिय,

डीआर (आपत्तीनंतर संगणक प्रणाली पुन्हा उभ्या करणं) आणि बीसीपी (संकटातही काम चालू ठेवण्याची योजना) यांचं ऑडिट पहिल्यांदाच तुझ्याकडे आलंय, याचा आनंद वाटला. जाडजूड फाइल वाचशीलच, पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागून घे: बॅकअपमधून डेटा शेवटचा कधी परत उभा केला, त्याची नोंद. कोणी केला, कधी सुरुवात झाली, किती वाजता लोक पुन्हा कामाला लागले. 'बॅकअप यशस्वी' असे रोजचे अहवाल पुढे येतील. त्यावर समाधान मानू नकोस. कॉपी झाली एवढंच त्यातून कळतं.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसमधला डेटा चुकून पुसला गेला. बॅकअपची सोय एकाहून अधिक मार्गांनी केलेली होती. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. कामी आली ती सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत. कंपनीने हे सगळं जाहीरपणे मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

मग आरटीओकडे वळ, म्हणजे बंद पडलेली प्रणाली किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवी, त्या ठरलेल्या मुदतीकडे. पगाराची प्रणाली ४ तासांत सुरू होईल असं लिहिलेलं असतं, आणि ज्या लॉगिन सर्व्हरशिवाय ती उघडतच नाही, त्याला ८ तास दिलेले असतात. दोन्ही आकडे आपापल्या पानावर बरोबर दिसतात! म्हणून प्रत्येक प्रणाली कशावर अवलंबून आहे ते आधी काढ. आकडा कोणी ठरवला तेही विचार. आयटीने परस्पर ठरवला असेल, तर काम करणाऱ्या विभागाला तो चालतो का, हे कोणी तपासलेलंच नसतं.

प्रत कुठे ठेवली आहे तेही पाहा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. आपत्तीत कोणाला फोन करायचा त्या संपर्क यादीतले दोन-चार नंबर स्वतः लावून बघ.

ड्रिल, म्हणजे आपत्तीची सराव चाचणी, फसली आणि तशी प्रामाणिक नोंद झाली असेल, तर त्या टीमला धारेवर धरू नकोस. पुढच्या वर्षी ते सोपी ड्रिल करतील आणि तुला काहीच कळणार नाही. फसल्यानंतर काय दुरुस्त केलं, पुन्हा चाचणी घेतली का, हे विचार.

अहवालात 'चाचणी अपुरी' असं मोघम नको. कोणती प्रणाली, किती तास ठरले होते, किती लागले आणि दुरुस्ती कोणाकडे, हे स्पष्ट लिही. मसुदा तयार झाला की पाठव. अवलंबित्वाचा तक्ता मी सर्वांत आधी वाचेन.